मामांच्या फटफटीचे पाइप

आमच्यात सासऱ्यांना मामा म्हणतात. माझे मामा नांदगाव तालुक्यात गुरांच्या दवाखान्यात नोकरीला होते. ते डॉक्टर नव्हते, डॉक्टरांच्या हाताखाली होते. पण खेड्यातल्या लोकांनी हा फरक कधी मानला नाही आणि मामांनीही तो फारसा समजावून सांगितला नाही. इंजेक्शनची पेटी मागे बांधून ते फटफटीवरून गावोगाव हिंडायचे. एका सिलिंडरला दोन सायलेन्सर असलेली ती जुनी गाडी, डावीकडे एक, उजवीकडे एक. तिचा आवाज शिवारात शिरला की लोक आजारी जनावर गोठ्यातून काढून झाडाखाली आणून बांधायचे. "मला कुनाचं दार वाजवायची येळच आली नाय," असं मामा सांगायचे, तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा असायचा.

गाडीची निगा ते जनावरासारखीच ठेवत. दर दिवाळीआधी सायलेन्सरच्या आतली नळी ओढून काढायची आणि साठलेली काजळी जळून जावी म्हणून ती आंघोळीच्या बंबात टाकायची, हा त्यांचा नेम. सासूबाई होत्या तोवर दिवाळीची सुरुवात त्यावरच्या भांडणानं व्हायची, कारण त्या दिवशी घरभर ऑइलचा धूर कोंडायचा. त्या गेल्यानंतर भांडायला कोणी उरलं नाही, तरी मामा नळी बंबात टाकण्याआधी एकदा स्वयंपाकघराकडे बघून घेत, असं ही सांगते. ही म्हणजे माझी बायको, त्यांची एकुलती एक मुलगी.

लग्नात मी मनगटी घड्याळसुद्धा घेतलं नव्हतं. आमचं लग्न साधं, बुद्धवंदना म्हणून, हार घालून झालं, आणि काहीही न घेतल्याचा मला जरा जास्तच अभिमान होता. मामांनी तो पुरता ओळखला होता. रिटायर झाल्यावर, गुडघे कुरकुरायला लागल्यावर, ते एक दिवस नांदगावहून गाडी चालवत नाशिकरोडला आमच्या दारात आले. चहा घेतला, किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "पाव्हणं, ही काय भेटबिट नाय. उभी राहून सडंल, म्हनून आनली." आणि एसटीनं परत गेले. नाही म्हणायला मला वेळच मिळाला नाही, आणि खरं सांगायचं तर म्हणायचंही नव्हतं.

मामा मला नेहमी पाव्हणं म्हणत आणि अहो-जाहो करत. जावयाशी दोन शब्द कमीच बोलावेत, त्याला काही मागू नये, त्याला काही सुनावू तर मुळीच नये, अशी त्यांची शिस्त. मीही सासऱ्यांसमोर मांडी घालून बसायचो ते परीक्षेला बसल्यासारखा. आमचं सगळं बोलणं हवापाणी, पाऊस आणि फटफटी यांवर भागायचं. त्यातलं फटफटीवरचं जरा लांबायचं.

मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात स्टोअरमध्ये कारकून होतो. तिथं प्रत्येक वस्तूला नंबर आणि प्रत्येक नंबराला खण. या नोकरीनं माझा स्वभाव बिघडवला असं ही म्हणते. वस्तू जागेवर सापडली नाही की माझं डोकं फिरतं, घरात कात्री सापडली नाही तरी मी चौकशी बसवतो. रोज सकाळी मामांची गाडी घेऊन एकलहऱ्याला जायचं आणि संध्याकाळी परत यायचं, असं पाच वर्षं सुरळीत चाललं होतं.

ऐंशी सालानंतरच्या एका उन्हाळ्यात मामांना नांदगावच्या घरी झटका आला. डावा हात आणि डावा पाय लुळा पडला. जीव वाचला, बोलणंही शाबूत राहिलं. मी आणि ही जाऊन त्यांना घेऊन आलो. आमच्या दोन खोल्यांतली आतली खोली त्यांना दिली. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं की रक्तदाब चढता कामा नये. आराम हवा, आणि मोठ्या आवाजानं वगैरे दचकू देऊ नका.

आणि नेमकी त्याच पावसाळ्यात फटफटी बोंबलायला लागली. इंजिनातून निघून खाली वळणारे दोन्ही पाइप गंजून चाळण झाले होते. डाव्या सायलेन्सरला मी तेलाच्या डब्याचा पत्रा तारेनं आवळून ठिगळ लावलं होतं. उजवा सायलेन्सर एकलहऱ्याच्या रस्त्यावर गळून पडला आणि मी वळून बघेपर्यंत मागच्या ट्रकनं त्याची पोळी केली. त्या संध्याकाळी मी दारात गाडी उभी केली तेव्हा आतल्या खोलीत मामा झोपेतून दचकून उठले. चांगल्या हातानं त्यांनी खाटेची कड घट्ट धरली होती. ही त्यांच्या पाठीवरून हात फिरवत माझ्याकडे बघत राहिली. ते बघणं मला अजून आठवतं.

दुसऱ्या दिवसापासून मी गल्लीच्या तोंडाशी पिठाच्या गिरणीपाशी गाडी बंद करू लागलो. तिथून घर दोनएकशे पावलं. सकाळी ढकलत गिरणीपर्यंत न्यायची आणि तिथं किक मारायची, संध्याकाळी तिथं उतरून ढकलत आणायची. कॉलनीतल्या लोकांना आयताच विषय मिळाला. "काय साहेब, पेट्रोल संपलं वाटतं?" हे मी रोज दोनदा ऐकायचो आणि रोज दोनदा संपलं म्हणायचो.

घरातही सगळं दबकं झालं. रेडिओ बंद. कुकर शेजारणीकडे लावायला पाठवायचा. ही शाळेत शिकवून आल्यावर पायातल्या चपला हातात घेऊन आत शिरायची. आम्हाला वाटायचं, आपण फार चांगलं करतोय. मामा मात्र दिवसेंदिवस गप्प होत चालले. काठी टेकत आतल्या खोलीत चार पावलं टाकू लागले आणि चालायला आल्याबरोबर त्यांनी जाहीर केलं की आता नांदगावला जातो. त्यांच्या शेजाऱ्याची जीप भाजी घेऊन नाशिकला यायची. त्याला त्यांनी परस्पर निरोपही धाडला होता. पुढच्याच्या पुढच्या रविवारी तो न्यायला येणार होता.

नांदगावला त्यांचं कोणी नव्हतं. एका हातानं स्टोव्हला पंप मारता येईल, पण काडीपेटी धरून काडी कशी ओढणार? हा प्रश्न मी हिला विचारला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती त्यांना समजवायला गेली तर ते हसून म्हणाले, "लेकीच्या घरी मानसानं पाव्हन्यासारखं ऱ्हावं, चार दिस." गंमत अशी की लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये वगैरे सगळ्या जुन्या चाली आपण सोडल्या, असं हेच मामा तरुणपणी गावच्या सभेत उभं राहून सांगायचे. सांगितलंही खरं आणि सोडल्याही खऱ्या, पण स्वतःवर वेळ आल्यावर त्यातली एक कुठंतरी चिकटून राहिलेली निघाली.

दोन दिवसांनी संध्याकाळी भांडी घासता घासता ही म्हणाली, "अहो, बाबांना सगळं कळलंय."

"काय कळलंय?"

"तुम्ही गिरणीपासून गाडी ढकलत आणता ते. पडल्या पडल्या चेनचा आवाज ऐकतात. मला विचारत होते, पाव्हण्यांना किती लांबून पायी यावं लागतं म्हणून."

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, पेट्रोल वाचवतात."

"दोनशे पावलांचं?"

"मग मला दुसरं काय सुचणार?" तिनं भांडं जरा जोरात ठेवलं आणि लगेच आतल्या खोलीकडे बघून आवाज उतरवला. "ते म्हणाले, आपल्यामुळं ज्या घरचा मानूस दारापर्यंत पायी येतो, त्या घरात आपुन ऱ्हाऊ नये. म्हणून निघालेत ते."

मी नळ बंद केला आणि मनात हिशेब मांडू लागलो. गाडी गिरणीवाल्याकडे ठेवली असती तरी पायीच यावं लागलं असतं. दारापर्यंत चालवत आणावी, तर ते दचकणार. आणि आत जाऊन त्यांना सरळ सांगावं, की मामा, मला याचा काही त्रास नाही, तुम्ही इथंच राहा, मला तुम्ही हवे आहात, तर हे वाक्य जावयानं सासऱ्याला म्हणायची सोय आमच्याकडे नव्हती. मी मनात ते दहा वेळा म्हटलं आणि एकदाही दाराच्या आत नेऊ शकलो नाही. राहता राहिला एकच मार्ग. फटफटीला नवे पाइप आणि सायलेन्सर बसवायचे आणि ती वाजवत, पण माणसासारखी वाजवत, दारात आणून उभी करायची. जीप यायला अकरा दिवस होते.

दुसऱ्या दिवशी मी नाशिकच्या मेनरोडच्या मागची सुट्या भागांची दुकानं पालथी घातली. काउंटरवरच्या माणसानं गाडीचं साल विचारलं आणि मान हलवली. कंपनीनं मधल्या काळात मॉडेल बदललं होतं. नव्या गाडीचे पाइप जुनीच्या इंजिनाला लागत नव्हते. "ते मॉडेल बंद झालं," तो म्हणाला. मी म्हटलं, "बंद झालं म्हणजे काय? माझी गाडी बाहेर उभी आहे, ती काय भूत आहे?" त्यानं शांतपणे दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे तोंड फिरवलं. स्टोअरमध्ये बसून "शिल्लक नाही" असं मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो होतो. ते ऐकून घ्यायला कसं वाटतं, हे मला त्या आठवड्यात कळलं.

नाशिकच्याच द्वारका चौकाजवळच्या एका मेस्त्रीनं सोपा उपाय काढला. एका बाजूचं तोंड बुजवून टाकू आणि दुसऱ्या बाजूला दुसऱ्या गाडीचा सायलेन्सर बसवू. तो म्हणाला, कुणाला कळणारसुद्धा नाही. मी म्हटलं, ज्याला कळायला नको तो माणूस गुरांच्या छातीला कान लावून आजार सांगायचा, त्याला पहिल्या किकला कळेल. मेस्त्रीला यातलं काही समजलं नाही आणि मी समजावत बसलो नाही.

मग कोणीतरी मालेगावचं नाव काढलं. अर्ध्या दिवसाची रजा टाकून एसटीनं गेलो. तिथं भंगाराच्या दुकानात, छताला तारेनं टांगलेली ती जोडी मला दिसली. लांबट, जाड पत्र्याची, वरचा मुलामा गेलेली पण अंगानं धडधाकट. मला आधी उजवाच हवा होता, डाव्याला माझं ठिगळ होतं. दुकानदार म्हातारा होता, तो मान वर न करता म्हणाला, "जोडी है. अकेला नै देता." मी दोन्ही घेतले. इंजिनाकडून येणारे वाकडे पाइप मागितले तर तो पहिल्यांदा हसला. "वो तो सबसे पैले सडता है, भाई." परतीच्या गाडीत मी दोन सायलेन्सर मांडीवर आडवे घेऊन बसलो होतो आणि कंडक्टरनं त्यांचं तिकीट काढू का विचारलं.

सायलेन्सर मिळाले होते, पण पाइपाशिवाय ते नुसते शोभेचे. आणि जीप यायला पाच दिवस उरले होते.

आमच्या मागच्या गल्लीत एक म्हातारे फिटर राहायचे. बॉयलरचे पाइप वाकवण्यात त्यांची हयात गेली होती. आता रिटायर होऊन घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये विळे-कोयत्यांना धार काढून देत. बोलणं कमी आणि तेही तंबाखू सांभाळत. मी त्यांना गंजलेले जुने पाइप दाखवले. उजवा अख्खा होता, डाव्याचे दोन तुकडे झाले होते. त्यांनी एक जाड तार घेतली आणि उजव्याच्या वळणाबरहुकूम वाकवली. मग भिंतीवरचा दाढीचा आरसा काढून ती तार त्याच्यासमोर धरली आणि आरशात जशी दिसत होती तशी दुसरी तार वाकवली. ती झाली डावी. सहा दिवस मी ज्याच्यासाठी वणवण करत होतो, त्याचं माप या माणसानं दाढीच्या आरशातून काढलं होतं.

"पाइप सरळ आना, वाकवून मी देतो," ते म्हणाले. "पन वाळू तुमची. कोरडी ठनठनीत पायजे."

पाइप नुसता तापवून वाकवला तर वळणावर दबतो, चपटा होतो. म्हणून आत वाळू ठासून भरायची, दोन्ही तोंडांना लाकडाची बुचं मारायची आणि मग लाल करून वाकवायचा. पण वाळूत थोडी जरी ओल असली तर आत वाफ होते आणि बूच बंदुकीच्या गोळीसारखं सुटतं. त्यांनी आपल्या भुवईवरची खूण बोटानं दाखवली आणि विषय संपवला.

सरळ पाइप दुसऱ्याच दिवशी बाजारात मिळाला. पण भर पावसाळ्यात कोरडी वाळू आणायची कुठून? गोदावरी दुथडी भरलेली. बांधकामावरची वाळू हातात घेतली तर पाणी गळायचं. हिनं दोन शेर वाळू तव्यावर भाजायला घेतली. वरची तापली, खालची तापली, मधली तशीच दमट. शनिवार उजाडला. जीप दुसऱ्या दिवशी येणार होती. आतल्या खोलीत मामांनी एका हातानं आपली बॅग भरायला घेतली होती आणि मदतीला गेलेल्या हिला त्यांनी "राहू दे बाई" म्हणून बाहेर पाठवलं.

शनिवारी आमचा अर्धा दिवस. गाडीचे पाइप काढल्यापासून मी उसन्या सायकलवर होतो. घरी येताना नाशिकरोडच्या बाजारातून जात होतो आणि फुटाणेवाल्याची भट्टी दिसली. मोठी काळी कढई, तीत काळीभोर वाळू, आणि तो झाऱ्यानं हरभरे परतत होता. पाऊस पडो, न पडो, ही वाळू वर्षभर विस्तवावर असते. मी सायकल तिथंच आडवी लावली.

"किती देऊ?" तो म्हणाला.

"फुटाणे नको, वाळू द्या."

त्यानं माझ्याकडे नीट बघून घेतलं. मग मी पाइप, बूच, वाफ, सगळं सांगितलं. सासऱ्यांचंही सांगितलं, कशाला ते माहीत नाही. तो ऐकत होता आणि हात चालूच होता. शेवटी म्हणाला, "दोन ढीग हायेत. एक साध्याची, एक खाऱ्याची. खाऱ्याची बारीक हाय." बारीक चांगली ठासली जाईल असा मी हिशेब केला आणि खारी घेतली. त्यानं ती गरमच एका डब्यात भरून दिली. पैसे घेतले नाहीत, पण शेंगदाणे मात्र विकत घ्यायला लावले.

दुपारी फिटरांच्या शेडमध्ये भाता सुरू झाला. मी पाइप उभा धरायचा, ते वाळू ओतत बाहेरून लाकडी हातोडीनं ठोकायचे, म्हणजे वाळू आत बसत जायची. पाइप लाल झाल्यावर त्यांनी तो खुंट्यांमध्ये अडकवून इतक्या सावकाश ओढला की मला वाटलं, ते त्याला समजावताहेत. वळण सुरेख आलं. फक्त वाळूत राहून गेलेले दोन-चार हरभरे आत करपले आणि शेडभर फुटाण्यांचा वास सुटला. मागच्या गल्लीतल्या बायका कोण भाजतंय म्हणून डोकावून गेल्या.

संध्याकाळ व्हायच्या आत पाइप आणि सायलेन्सर गाडीला लागले. मी मुद्दाम गिरणीपर्यंत वळसा घातला. तिथं गिरणीवाला सवयीनं म्हणाला, "संपलं का?" मी म्हटलं, "नाही, आज आहे." आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा गल्लीतून चालवत गाडी दारात आणली. ती मामांच्या वेळची बोलायची तशी बोलत होती, जरा घोगरी. मी लगेच बंद केली नाही. दोन मिनिटं तशीच चालू ठेवली.

मामा काठी टेकत बाहेर आले. झटक्यानंतर उंबऱ्यापर्यंत ते पहिल्यांदाच आले होते. मागून ही हात पुढे करून, पण न धरता, येत होती. त्यांनी डावीकडचा आवाज ऐकला, उजवीकडचा ऐकला, मग नाक वर केलं.

"पाव्हणं, वास कशाचा येतो?"

"नवीन पाइप आहेत मामा. तापले की येतो जरा."

"फुटान्याचा येतो."

मग मला सगळं सांगावं लागलं. मालेगाव, आरसा, भट्टी, सगळं. ते डोळे मिटून ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "साधी वाळू व्हती का खारी?"

"खारी. बारीक होती म्हणून."

मामांनी डोळे उघडले. "खारी?" ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज चढला. "लोखंडात खारी वाळू भरली तुम्ही? गव्हानीत मिठाचा खडा ठिवतो, तिथल्या कड्या बघितल्या का कधी? वर्साच्या आत झडत्यात. एवढं शिकलेले तुम्ही, रोज लोखंडाच्या दुकानात बसता, आनि पाइपात मीठ घालता?"

आमच्याकडे जावयाला कोणी असं बोलत नाही, आणि मामा तर नाहीच नाही. दुसऱ्या कोणी हे ऐकवलं असतं तर मी चार शब्द परत केले असते. पण रक्तदाबाची भीती वाटायच्या ऐवजी मला आतून भरून आलं. माझे वडील मी लहान असतानाच गेले. घरातल्या मोठ्या माणसानं इतक्या हक्कानं माझी अक्कल काढायची, हे माझ्या वाट्याला तोवर आलंच नव्हतं. मी मान खाली घालून "चुकलं" म्हणालो आणि ते अगदी मनापासून म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप आली. नांदगावचा शेजारी चहा पिऊन बॅग उचलायला उठला. मामा पायरीवर बसले होते. त्यांनी काठीच्या टोकानं फटफटीच्या पाइपावर दोनदा टकटक केलं.

"बॅग ठेव खाली," ते त्याला म्हणाले. "आमच्या पाव्हन्यांनी खाऱ्या वाळूत पाइप वाकवलेत. कवा सुटून पडतील नेम नाय. यांना असं टाकून कसा येऊ मी? जरा बघायला पायजे."

शेजाऱ्यानं माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं आणि जीप घेऊन गेला. हिनं बॅग उचलली, आतल्या खोलीत नेली आणि उघडून कपडे एकेक करून फळीवर लावले. त्या दिवशी आमच्या घरात कुकरची शिट्टी झाली.

आठवड्याभरानं मी फिटरांना मिठाचं विचारलं. ते तंबाखू थुंकून आले आणि म्हणाले, "एवढ्याशा मिठानं काय हुतंय? आन वाळू झटकून पाइप धुतला नव्हता का आपुन?" मला ते आठवत होतं. मी घरी येऊन हिला सांगितलं. म्हटलं, मामांना हे ठाऊक नसेल असं नाही, त्यांनी आयुष्यभर ही गाडी स्वतः उघडली आणि जोडली आहे. ही पोळी लाटत होती. लाटणं थांबवून म्हणाली, "असेल ठाऊक. तुम्ही मात्र त्यांना सांगू नका."

मी सांगितलं नाही. मामा दर रविवारी सकाळी काठी टेकत बाहेर येत, पाइपांवर टकटक करून आवाज ऐकत आणि म्हणत, "हायेत अजून. पन भरवसा नाय." मी म्हणायचो, "हो ना मामा, कधी सुटतील सांगता येत नाही." मग मला दहा मिनिटं बोलणी बसत, मीठ, लोखंड आणि आजकालची शिकलेली माणसं यांवर. त्या बोलण्यांची मी वाट बघायचो. पुढं पुढं ते अहो-जाहो विसरायचे आणि मी त्यांना आठवण करून देत नसे.

पाइपांना गंज मात्र धरेना. मला त्याची काळजी लागली, मामांचं राहायचं निमित्त संपायला नको होतं. पावसाळ्यात सगळी कॉलनी आपापल्या गाड्यांवर ताडपत्र्या टाकायची, मी मामांची फटफटी उघडी ठेवायचो. एका वर्षी तर मी पाइपांना मिठाचं पाणीसुद्धा लावून बघितलं. वर थोडा तांबूस डाग यायचा, मामा रविवारी तो बघून समाधानानं मान हलवायचे, आणि फडक्यानं पुसला की खाली लोखंड जसंच्या तसं असायचं.

असे पाच पावसाळे गेले. पाचव्याच्या शेवटी, एका दुपारी, मामा त्यांच्या खोलीत झोपेतच गेले. लोक येऊन गेल्यावर, सगळं आटोपल्यावर, मी बाहेर पायरीवर येऊन बसलो. समोर फटफटी उभी होती. मी हातानं पाइप चाचपले. कुठं पापुद्रा नाही, कुठं भोक नाही, नखानं खरवडलं तरी काही निघेना. ज्या पाइपांसाठी मी दहा दिवस वणवण फिरलो होतो, त्यांचा मला त्या संध्याकाळी इतका राग आला की मी उठून त्यांना लाथ घातली.